दर शेवटी, अवजार आधी

अनेक आशीर्वाद.

कस्टम्स ब्रोकरच्या कामाचं जी-कार्ड हाती आलं आणि न्हावा-शेवा बंदरात पहिलीच बिल ऑफ एन्ट्री (आयात मालाचं कस्टम्सला द्यायचं घोषणापत्र) हँड टूल्सची मिळाली, हे वाचून आनंद झाला. कस्टम्सच्या दरसूचीतला हा अवजारांचा चॅप्टर ८२ (८२०१ सारखे चार आकडी क्रमांक म्हणजे त्यातली हेडिंग) किरकोळ आहे असं तुला कोणी सांगितलं असेल तर ते मनावर घेऊ नकोस. वर्गीकरण शिकायला इतका चांगला चॅप्टर दुसरा नाही, कारण इथे माल हातात घेऊन बघता येतो.

पत्रातली एक गोष्ट मात्र खटकली. ‘कुठल्या हेडिंगला ड्युटी कमी बसेल,’ असं आयातदाराने विचारलं आणि तू तिथूनच शोधायला लागलीस. दर सगळ्यात शेवटी बघायचा. आधी नमुना मागव, नाहीतर निदान कॅटलॉग. इनव्हॉइसवर ‘गार्डन टूल’ लिहिलं म्हणून माल ८२०१ मध्ये जात नाही. कुदळ, फावडं, विळा, कोयता, झाडं छाटायची कात्री ही ८२०१ ची. गवंड्याची थापी ८२०५ ची. बागेतलं लहान खुरपं आणि थापी फोटोत सख्ख्या बहिणी वाटतात, पण शेतीच्या हाती अवजारांना जीएसटी नाही, त्यामुळे आयातीवर लागणारा जीएसटी, म्हणजे आयजीएसटीही नाही. थापीवर तो आहे. म्हणून हा मोह फार होतो. आयातदाराने कितीही गळ घातली तरी तू ठाम राहा. योग्य सल्ला देणं हे ब्रोकरचं कायद्याने ठरलेलं काम आहे.

अवजार टेबलावर आलं की पहिला प्रश्न: प्रत्यक्ष काम करणारा भाग कशाचा आहे? चॅप्टरची पहिली टीप हेच विचारते. लोखंडी हातोडा ८२०५ मध्ये. रबरी डोक्याचा हातोडा रबराच्या चॅप्टरमध्ये, ४०१६ ला. सगळाच लाकडी असेल तर ४४१७. दात असलेलं पोलादी करवतीचं पातं ८२०२ मध्ये, मग ते यंत्रात बसणारं का असेना. पण मार्बल कापायची, दात नसलेली, कडेला हिऱ्याची पूड बसवलेली चकती ६८०४ ला जाते. दुकानदार दोन्हींना ‘ब्लेड’च म्हणतो.

दुसरा प्रश्न: ते हातात धरून चालवायचं आहे का? मला यातच सगळ्यात जास्त गोडी वाटते. दातेरी चाकं आणि फिरवायची मूठ असलेलं हँड ड्रिल मोकळं हातात धरून चालवायचं असेल तर ८२०५ मध्येच राहतं. स्टँडवर बसवण्यासाठी केलेलं असेल तर यंत्रांच्या चॅप्टर ८४ मध्ये जातं. पत्रा कापायची हातकात्री ८२०३ मध्ये, पण बेसप्लेटवर बसवलेली, दांडा दाबून चालवायची कात्री ८४६२ मध्ये, जरी तीही माणसाच्याच जोरावर चालत असली तरी. मोटर किंवा हवेच्या दाबावर चालणारं हातातलं टूल ८४६७ मध्ये. मग तू म्हणशील, शेकंजा (व्हाइस) तर बाकाला आवळलेला असतो. खरंय, पण ८२०५ च्या मजकुरात शेकंजा आणि ऐरण नावानिशी आहेत. म्हणून हेडिंगचा मजकूर शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचा. वर्गीकरणाच्या पहिल्या नियमाप्रमाणे निर्णय त्यावर आणि टिपांवर होतो, चॅप्टरच्या नावावर नाही.

आता तुझा टूल सेट. एका डब्यात बरीच अवजारं आहेत म्हणून तो ८२०६, म्हणजे सेटच्या हेडिंगचा होत नाही. त्याला ८२०२ ते ८२०५ यांपैकी किमान दोन हेडिंगची अवजारं लागतात आणि तो किरकोळ विक्रीसाठी तसाच बांधलेला लागतो. वेगवेगळ्या मापांचे नुसते पाने (स्पॅनर) असतील तर सगळे ८२०४ चेच. हातोडा आणि स्क्रू ड्रायव्हर दोन्ही ८२०५ चे, त्यांच्या सेटला त्याच हेडिंगमध्ये ८२०५ ९० आहे. पक्कड, पाने आणि सोबत एखादी मोजपट्टी असेल तर चालतं; अशा किरकोळ नगाने सेटचं मूळ स्वरूप बदलत नाही.

हे सगळं का ठरवलंस ते फाइलमध्ये दोन ओळींत लिहून ठेव, फोटो लाव. २०११ पासून सेल्फ-असेसमेंट आहे, हेडिंग आपणच आधी सांगतो, आणि खात्याची नोटीस दोन वर्षांपर्यंत येऊ शकते. माहिती दडवल्याचा ठपका असेल तर पाच. हाच माल पुन्हा पुन्हा येणार असेल तर आयातदाराला मुंबईच्या प्राधिकरणाकडून अॅडव्हान्स रुलिंग (वर्गीकरणाचा आगाऊ निर्णय) घ्यायला सांग. कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर ते काही वर्षं चालतं.

तुझ्या पॅकिंग लिस्टमध्ये ‘चार्जेबल ड्रायव्हर’ असा एक नग दिसतो. त्यात मोटर असेल तर तो ८४६७ चा, आणि डब्यातला मुख्य नग तोच असेल तर ८२०६ चा विचार सोडावा लागेल. डबा उघडून आतला फोटो पाठव. तोवर बिल ऑफ एन्ट्री भरू नकोस.