देणगी नको, आगाऊ मागणी नोंदवा
वाचकांचे प्रश्न: छोटी प्रकाशनं

या महिन्यातली बरीच पत्रं पुस्तक छापणं आणि ते खपवणं याविषयी आहेत. त्यातल्या पाच पत्रांना इथे उत्तरं देत आहोत.

शहापूरमध्ये आमचा पंचवीस-तीस जणांचा वाचककट्टा आहे. गावातली छोटी मराठी प्रकाशनं जेमतेम तग धरून आहेत. वर्गणी काढून एखाद्याला देणगी द्यावी असं आमच्यात चाललं आहे. हे बरोबर ठरेल का?
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

देणगीपेक्षा चांगला मार्ग आहे. पुढच्या पुस्तकाच्या तीस प्रतींची मागणी आत्ताच नोंदवा आणि पैसे पुस्तक छपाईला जाण्याआधी द्या. छोट्या प्रकाशकाचं खरं दुखणं पैसे अडकण्याचं असतं. कागदाचे पैसे त्याला मुद्रकाकडे आधी मोजावे लागतात, आणि दुकानात ठेवलेल्या प्रतींचे सहा-आठ महिन्यांनी, तेही चार फोन केल्यावर हातात पडतात.

हिशेब मांडून बघा. समजा १६० पानांचं पुस्तक, ५०० प्रती, छापील किंमत २५० रुपये. कागद, छपाई आणि बांधणीला प्रतीमागे ९० रुपये धरू. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठाचे मिळून ३०,००० झाले तर प्रतीमागे आणखी ६०. लेखकाला छापील किमतीच्या दहा टक्के, म्हणजे २५. एक प्रत १७५ रुपयांना पडली. वितरकाला ४५ टक्के सवलत दिली की हातात येतात १३७ रुपये ५० पैसे. म्हणजे प्रत विकूनही साडेसदतीस रुपये खिशातून गेले! तीच प्रत तुम्ही प्रकाशकाकडून वीस टक्के सवलतीत २०० रुपयांना घेतलीत तर त्याला २५ रुपये सुटतात. या आकड्यांवर सगळी आवृत्ती संपली, तरी पाचशेपैकी तीनशे प्रती थेट वाचकाला विकल्या तेव्हा कुठे तोंडमिळवणी होते. तुमच्या कट्ट्याच्या तीस प्रती म्हणजे त्या तीनशेचा दहावा हिस्सा. वर्षाला अशी दोन पुस्तकं घेतलीत तर ती कुठल्याही देणगीपेक्षा मोलाची.

दुसरं, फुकट प्रत मागू नका आणि मागणाऱ्याला आवरा. वरच्या हिशेबात भेट दिलेली प्रत प्रकाशकाला सरळ १५० रुपयांना पडते. प्रकाशन समारंभाला व्यासपीठावर सात पाहुणे, प्रत्येकाला शाल, श्रीफळ आणि वर पुस्तक भेट, ही आपल्याकडची रीत. संयोजक तुम्ही असाल तर शाल-श्रीफळ वगळा आणि त्या पैशात पुस्तकं विकत घेऊन पाहुण्यांना द्या.

तिसरं काम बिनपैशाचं आहे. वाचनालयात लेखी मागणी नोंदवा. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८चं आहे. अशा जुन्या वाचनालयांत आणि गावोगावच्या लहान वाचनालयांत खरेदी बरीचशी सभासदांच्या मागणीवर ठरते. चिठ्ठीत पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत आणि प्रकाशकाचा फोन एवढं असू द्या. "अमुक लेखकाचं नवीन काहीतरी" एवढ्यावर कुणी खरेदी करत नाही.

मी आणि माझा मित्र कथासंग्रह काढतो आहोत, साधारण १६० पानं, ५०० प्रती. बेळगावात छापावा की कोल्हापूरला? कागद किती लागतो ते मुद्रक नीट सांगत नाहीत. शिवाय ओळखीच्या एकाच्या पुस्तकाची पानं वर्षात सुटली, त्याचीही भीती वाटते.
— खानापूर तालुक्यातील एक वाचक

कागदाचं गणित सोपं आहे. पुस्तक डेमी आकाराचं, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच धरू. डबल डेमी कागद २३ बाय ३६ इंचांचा येतो. त्याच्या एका तावावर दोन्ही बाजूंनी मिळून ३२ पानं बसतात. १६० पानांना पाच ताव, ५०० प्रतींना २,५०० ताव, म्हणजे पाच रिम. मशीन लावताना आणि बांधणीत वाया जाणारा कागद दहा टक्के धरला तर साडेपाच. ७० जीएसएमच्या (एका चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाच्या कागदाच्या) एका रिमचं वजन पावणेएकोणीस किलोच्या आसपास भरतं, म्हणजे एकूण सुमारे १०३ किलो. दरपत्रकात आठ रिम लिहिले असतील तर कारण विचारा. विचारलं म्हणून चांगला मुद्रक रागावत नाही.

पानांची संख्या सोळाच्या पटीत ठेवा. १६३ पानं झाली तर तीन पानांसाठी नवा फॉर्म (एकत्र छापून घडी घातलेली सोळा पानं) चढतो. अर्पणपत्रिकेमागचं कोरं पान, मनोगताची लांबण, कथांच्या शीर्षकांवरची रिकामी जागा यांतून तीन पानं सहज निघतात. मनोगत तर कापावंच.

पानं सुटण्याची कारणं दोन-तीनच. परफेक्ट बाइंडिंगमध्ये फॉर्मची पाठ तासून खरखरीत करतात आणि मग गरम गोंद लावतात. तासणी उथळ झाली किंवा गोंद पुरेसा तापला नाही की तो वरवर बसतो आणि दहाव्यांदा उघडल्यावर पान हातात येतं. दुसरं कारण कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा. तो पुस्तकाच्या पाठीला समांतर हवा. आडवा गेला तर पुस्तक ताठ राहतं, उघडताना जोर लागतो आणि तो सगळा जोर गोंदावर येतो. कागद दोन्ही दिशांनी फाडून बघा. जिकडे सरळ फाटतो तो ग्रेन. वाचनालयात जाणाऱ्या शंभरेक प्रती शिवून बांधून घ्या. दर जास्त पडतो, पण त्या प्रती टिकतात.

तुमच्या खानापूरचा पाऊसही हिशेबात धरा. मुखपृष्ठाला बाहेरून लॅमिनेशन असतं आणि आतली बाजू उघडी. दमट हवेत आतली बाजू ओल शोषते, फुगते आणि मुखपृष्ठ बाहेरच्या अंगाला वळतं. गठ्ठे जमिनीला टेकवू नका, भिंतीपासून वीतभर दूर फळीवर ठेवा. जमलं तर पावसाळ्यात छापूच नका. दसऱ्यानंतर पुस्तक आलं तर पुढचा सगळा संमेलनांचा हंगामही मिळतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो अक्षरजुळणीत. तुमचा मजकूर युनिकोडमध्ये असेल, मुद्रक श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये काम करत असेल किंवा उलटं असेल, तर रूपांतरात जोडाक्षरं तुटतात. संपूर्ण पुस्तक देण्याआधी ही एक ओळ जुळवून कागदावर छापून मागा: "वाऱ्यावर, कुऱ्हाड, ॲड., ऑगस्ट, राष्ट्र, हृदय, शृंगार, वाङ्मय, उद्ध्वस्त." यातलं एकही अक्षर बिघडलं तर तिथेच थांबा. इनडिझाइन या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळणी असेल तर 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' चालू आहे का ते विचारा. नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. भाषा हिंदीऐवजी मराठी निवडली की, फॉन्टमध्ये सोय असल्यास, ल आणि श आपल्या वळणाचे येतात.

आपल्या भागातल्या कथांत पात्रं मधूनच कन्नड बोलतात. ते संवाद कन्नड लिपीत ठेवणार असाल तर वेगळा युनिकोड कन्नड फॉन्ट लावायला सांगा आणि ती पानं कन्नड वाचणाऱ्याकडून तपासून घ्या. मराठी फॉन्टमध्ये कन्नड अक्षरांच्या जागी नुसते चौकोन उमटतात आणि मराठी मुद्रितशोधकाच्या नजरेतून ते सुटतात. नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तर आधी युनिकोडमध्ये आणावाच लागतो.

आता बेळगाव की कोल्हापूर? पहिला फॉर्म मशीनवर चढेल त्या दिवशी तुम्ही जिथे हजर राहू शकाल तिथे. दर थोडा कमी मिळतो म्हणून शंभरावर किलोमीटर लांब छापायचं आणि शाई फिकी पडल्याचं गठ्ठे सोडल्यावर कळायचं, यात शहाणपण नाही. कोल्हापूरहून आणलीत तरी छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे मालवाहतुकीचं ई-वे बिल लागत नाही. गाडीत बिल किंवा डिलिव्हरी चलन मात्र हवं.

आयएसबीएन घेणं सक्तीचं आहे का? एकाने त्यासाठी तीन हजार मागितले.
— एक कवयित्री, निपाणी

सक्तीचं नाही, पण घ्या. पुस्तकाचा हा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक भारतात फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेच्या पोर्टलवर स्वतः अर्ज करता येतो. तीन हजार देऊ नका. छापील आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात.

सक्तीची गोष्ट वेगळीच आहे आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. १९५४च्या कायद्यानुसार प्रसिद्धीपासून ३० दिवसांत प्रकाशकाने स्वखर्चाने चार ठिकाणी एकेक प्रत पाठवायची असते: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा, मुंबईत एशियाटिक सोसायटीतलं ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी.

संमेलनात टेबल लावलं तर विक्री होते का? आणि टपालाने पाठवणं परवडतं का?
— येळ्ळूरहून दोन तरुण प्रकाशक

कडोली, उचगाव, सांबरा आणि तुमचं येळ्ळूर, सीमाभागातली ही गावोगावची संमेलनं छोट्या प्रकाशकाला मोठ्या ग्रंथप्रदर्शनापेक्षा जास्त देतात, असं आमचं स्पष्ट मत आहे. तिथे भाडं कमी आणि येणारा माणूस आपला असतो. पण वेळ साधा. ग्रंथदिंडी मंडपात पोचल्यापासून उद्घाटन सुरू होईपर्यंत आणि पुढे जेवणाच्या सुट्टीत गर्दी टेबलाशी येते. कविसंमेलनाच्या वेळी कुणी फिरकत नाही. दिंडीत शाळेची मुलं असतात, म्हणून शंभराच्या आतली बालपुस्तकं पुढे मांडा. दहा-वीसच्या नोटा भरपूर ठेवा. क्यूआर कोड कागदावर छापून न्या, कारण माळावरच्या मंडपात तुमच्या फोनला रेंज मिळेलच असं नाही. कर्नाटकात व्यावसायिक फलकावर ६० टक्के कन्नड लागतं. बॅनर करतानाच तो विचार करा, ऐन दिवशी हुज्जत नको.

टपालाचं म्हणाल तर २०२५च्या मे महिन्यापासून टपाल खात्याची 'ज्ञान पोस्ट' सेवा आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. वर सांगितलेलं १६० पानी पुस्तक १९० ग्रॅमच्या आसपास भरतं. पुठ्ठा लावून गुंडाळलं तरी तीनशेच्या आत बसतं. पाकिटात खासगी चिठ्ठी घालू नका. नियतकालिकं या दरात जात नाहीत, त्यामुळे मासिकाचा अंक त्यात सरकवायचा मोह टाळा.

प्रकाशक म्हणतात चाळीस हजार भरा, पुस्तक काढतो. ही फसवणूक का?
— निवृत्त शिक्षक, चिकोडी तालुका

पैसे मागितले एवढ्यावरून फसवणूक म्हणता येत नाही, गुरुजी. छोटी प्रकाशनं कधी कधी खर्चात वाटा मागतात. प्रती किती छापणार हे लेखी नसेल तर मात्र सावध व्हा. पैसे देण्याआधी एका कागदावर एवढं लिहून घ्या: प्रतींची संख्या, तुम्हाला मिळणाऱ्या प्रती, कागदाचा जीएसएम आणि बांधणीचा प्रकार, छापील किंमत, विक्रीतला तुमचा हिस्सा आणि हिशेबाची तारीख. रक्कम तीन हप्त्यांत द्या: मजकूर जुळल्यावर, शेवटचं मुद्रित (प्रूफ) तुम्ही सही करून परत दिल्यावर आणि प्रती मोजून घेतल्यावर. स्वामित्व हक्क लेखकाकडेच राहील हे वाक्य त्यात हवंच. नाहीतर दुसरी आवृत्ती काढायला तुम्हाला त्याच दारात परवानगी मागावी लागेल.