पोपटीला काय न्यायचं असतं

सोन्या,

विमानतळावरून घरी येताना तू विचारलंस, "आई, आपण मावशीकडे एवढं जेवलो, पण काहीच नेलं नाही. थँक यूपण म्हणालो नाही. तुमच्यात असंच असतं का?" मी "तिथे चालतं रे" म्हणून विषय संपवला. पण त्यातलं 'तुमच्यात' मला लागलं. तू मुद्दाम म्हणाला नाहीस, ते कळतं मला. तरी लागलं. म्हणून हे लिहितेय. एका दमात वाचायची सक्ती नाही.

आपण जेवलो ती पोपटी, म्हणजे वालाच्या शेंगा आणि कोंबडी मडक्यात भरून जाळात शिजवलेली. आणि एक तर तिला आपण रिकाम्या हाताने गेलो नव्हतो. मावशीने तुझ्या हातात पिशवी दिली आणि बांधावरून पाला खुडून आणायला पाठवलं, आठवतंय? तुला वाटलं, पोरांना कुठेतरी गुंतवायचं म्हणून पाठवलं. तो भांबुर्डा होता, उग्र वासाचं रानझुडूप. शेंगा, मडकं, कोंबडी, सगळं असलं आणि भांबुर्डा नसला तर पोपटी लागत नाही. आमच्या लहानपणी पाला आणायचं काम नेहमी पोरांचं आणि पाहुण्यांचं असायचं. ज्याच्या शेतात वाल त्याच्या शेंगा, ज्याच्या गोठ्यात गाय त्याच्या गोवऱ्या, कुणाच्या परड्यातली अंडी, आणि ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याने पाला. त्यामुळे फुकट जेवणारा असा कुणी उरायचाच नाही. आमंत्रणही नसायचं. "आज लावतोय" एवढं कानावर आलं की निघायचं.

आता हे डिसेंबर-जानेवारीतच का, तर शेंगांमुळे. अलिबागकडे भात कापून झालं की त्याच खाचरात, मातीत ओल असेतोवर वाल पेरतात. त्याला पाणी देत नाहीत. जमिनीतली ओल आणि रात्रीचं दव एवढ्यावर तो येतो. डिसेंबरअखेर शेंगा भरायला लागतात आणि फेब्रुवारीत वाळायला. मधल्या त्या सहा-सात आठवड्यांत पोपटी. पुढे वाळलेले तेच वाल भिजवून, मोड आणून, सोलून आपण इथे बिरडं करतो. सोलताना तू कंटाळतोस, ते. भांबुर्डाही पावसाळा सरला की बांधावर, पडीक जागेत आपोआप उगवतो. गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत. पान लवदार, चुरगळलं की कापरासारखा उग्र वास. तुझ्या बोटांना तो दुसऱ्या दिवशीपर्यंत येत होता आणि तू तीन वेळा साबण लावलास.

मडकं भरताना तू शेजारी उभा होतास, पण लक्ष फोनमध्ये होतं, म्हणून पुन्हा सांगते. दहा जणांना साधारण तीन किलो शेंगा लागतात. दाणा भरलेला हवा, पण साल अजून हिरवी. कोवळ्या शेंगांचा लगदा होतो, जून झालेल्यांची साल चामड्यासारखी राहते आणि दाणा पिठूळ. भोक असलेली शेंग बाजूला काढायची, आत अळी असते. शेंगा धुवून निथळत ठेवायच्या. मडकं मात्र आदल्या दिवशी उन्हात तापवून कोरडं ठणठणीत करायचं. ओलं मडकं जाळात गेलं की मातीतल्या पाण्याची वाफ होते आणि ते तडकतं. टिचकी मारून बघायची: खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर कुठेतरी चीर आहे.

तळाला भांबुर्ड्याचा चार बोटं थर. त्यावर शेंगा, शेंगांवर जाडं मीठ आणि ओवा. तीन किलोला एक मोठी मूठ मीठ आणि दोन चमचे ओवा पुरतो. मीठ सगळं एकदम टाकायचं नाही, प्रत्येक थरावर थोडं थोडं शिंपडायचं, नाहीतर वरच्या शेंगा खारट आणि खालच्या अळणी. ओवा चवीलाही आणि वाल बाधू नयेत म्हणूनही. मग बटाटे, रताळी, अंडी कवचासकट. कोंबडीला आलं, लसूण, मिरची, कोथिंबीर, हळद, घरचा मसाला आणि लिंबू लावून दुपारीच मुरवत ठेवतात, आणि केळीच्या पानात बांधून ती मडक्याच्या मधोमध ठेवतात. कडेला ठेवली तर जाळाकडची बाजू करपते आणि आतली कच्ची राहते. वर पुन्हा शेंगा. शेवटी तोंडाशी भांबुर्डा असा ठासून भरायचा, की मडकं उलटं केलं तरी एक शेंग खाली पडू नये. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. तेल तर नाहीच.

तू विचारलं होतंस, मडकं उलटं का? सरळ ठेवून वर झाकण का नाही? हा प्रश्न मात्र मला फार आवडला होता. वाफ वर चढते. मडकं सुलटं असलं तर ती तोंडातून निघून जाते, खाली जाळ असतो आणि तळाच्या शेंगा कोरड्या पडून जळतात. उलटं केलं की तळ होतो वर आणि तोंड जमिनीला टेकतं, तेही पाल्याने बंद. पाल्याचं आणि शेंगांचं स्वतःचंच पाणी वाफ होऊन वरच्या पोटात कोंडतं आणि त्यात सगळं शिजतं. कोंबडीचा रस खाली निथळतो तो शेंगांत आणि पाल्यात. गुजरातेत वलसाड-डुंगरीकडे हायवेच्या कडेला उंबाडियुं नावाचा असाच पदार्थ मिळतो, तोही उलट्या मडक्यातला.

जाळ कसा लावतात ते तू नीट पाहिलंस, कारण तिथे तुला काठी मिळाली होती. आधी मडक्याभोवती पेंढा, मग गोवऱ्या, झावळ्या, वाळकी लाकडं, सगळ्या बाजूंनी सारखी. घाई बहुतेक इथेच नडते. वारा एका अंगाने असला की त्या अंगाचा जाळ मडक्यावर येतो आणि अर्धं मडकं करपतं, अर्धं कच्चं. म्हणून तिन्हीसांजेनंतर लावायची: दिवसाचे खारे वारे पडलेले असतात आणि रात्रीचे मतलई वारे अजून सुटायचे असतात. पाऊण तास धरून चालायचं, पण घड्याळावर कुणी काढत नाही. मडक्यावर पाण्याचा हबका मारायचा. थेंब चर्र करून तिथल्या तिथे उडाले तर झाली. ओघळ खाली आला तर अजून जाळ हवा. आणि वास. आधी नुसता धूर येतो, मग भांबुर्ड्याचा उग्र वास, आणि शेवटी त्यात ओवा मिसळतो. तो ओवा आला की कुणीतरी "काढा रे" म्हणतंच.

इतकं सगळं सांगून तुझ्या प्रश्नाला मी बगल देतेय का? थोडी देतेच आहे.

कारण पाला आपला होता हे खरं, पण कोंबडीचे पैसे मावशीने दिले. मी विचारले असते तर ती रागावली असती. निदान मी स्वतःला तसं सांगते. पूर्वी या वर्षी माझा पाला, पुढच्या वर्षी माझ्या आजीच्या वाडीतली रताळी, असा फेरा चालायचा. आता वाडी नाही, आणि मी तीन वर्षांतून एकदा जाते. दर वेळी पालाच नेणारा माणूस वर्गणीतला की पाहुणा, हे मलाही नक्की सांगता येणार नाही.

अजून एक. जाळाभोवती सगळे पुरुष होते, हे तू बोलला नाहीस, पण तुझ्या लक्षात आलं असेल. मडकं भरणं आणि लावणं हा तिथे पुरुषांचा, पोरांचा उद्योग. मसाला वाटणं, कोंबडी साफ करणं, शेंगा निवडणं हे दुपारीच घरात होऊन गेलेलं असतं आणि पोपटीच्या कौतुकात ते कुणी मोजत नाही. मी परदेशातून आलेली म्हणून मला जाळाजवळ खुर्ची मिळाली. मावशी सगळ्यात शेवटी आली. लहानपणी मला यात काही खटकलं नव्हतं. या वेळी खटकलं, आणि तरी मी खुर्चीवरून उठले नाही.

हल्ली पोपटी ताटावारीही मिळते, रिसॉर्टवर. पैसे दिले की काय नेलं हा प्रश्नच येत नाही. त्याला मी नाक मुरडणार नाही, ज्यांचं गावच नाही त्यांनी कुठे जायचं? फक्त तिथे बहुधा शेंगांपेक्षा कोंबडी जास्त असते, आणि पोपटी म्हणजे मुळात शेंगा. बोटांनी दाबून दाणा तोंडात घ्यायचा, साल मागे टाकायची. त्या साली सकाळी गुरांना जातात. पाला खायचा नसतो, तू एक पान चावून बघितलंस ते मी पाहिलं.

थँक यूचं म्हणशील, तर तुला म्हणावंसं वाटतंय तर म्हण, मी अडवणार नाही. मावशीला रविवारी फोन लाव. पण ती "कशाबद्दल रे?" असं विचारेल आणि तुझी पंचाईत होईल. म्हणून आधी शेंगांचं विचार. अजून हिरव्या आहेत का, वाळायला लागल्या का, मागच्या आठवड्यात कुणाच्या खळ्यात लावली होती. आणि पुढच्या खेपेला जायचं ठरलं तर पाला उपटून नाही, खुडून आणायचा. या वेळी तू अर्धी झुडपं मुळासकट आणली होतीस. मुळांची माती शेंगांत गेली की दाताखाली कचकच येते. मावशीने ती मुळं एकेक करून तोडली, तू हात धूत होतास तेव्हा.

आई