झाड काढण्याआधी प्रथिनाचे तीन तुकडे कर

जळगाव

बेटा,

प्रकल्पाचा आराखडा वाचला. मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाघराच्या) पटलांतून ने-आण करणारी सगळी प्रथिनं एकत्र घेऊन त्यांचा एकच वंशवृक्ष काढायचा, असं तू ठरवलंयस. तसं करू नकोस. संगणक झाड काढून देईल, त्याला काहीही दिलं तरी तो देतो. पण एकाच वावरात कापूस वेचणाऱ्या बाया बहिणी असतातच असं नाही.

रिकेट्सियाचंच बघ. मायटोकॉन्ड्रियाच्या जवळच्या कुळातला हा जिवाणू, यजमान पेशीचं एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) आत ओढतो आणि एडीपी (त्याचं खर्च झालेलं रूप) बाहेर देतो. मायटोकॉन्ड्रियातही हीच अदलाबदल चालते, फक्त उलट दिशेनं. साहजिकच वाटतं की प्रथिन एकच असणार. पण रिकेट्सियाचं प्रथिन पटल बारा वेळा ओलांडतं, मायटोकॉन्ड्रियाचं सहा वेळा, आणि दोघांच्या अनुक्रमांत (अमिनो आम्लांच्या क्रमांत) नातं सापडत नाही. बाह्यपटलातलं व्हीडॅक हे छिद्र-प्रथिन तर १९ पट्ट्यांचं पिंप आहे. पायरुवेट आत नेणारं प्रथिन २०१२ साली ओळखलं गेलं, त्याचं घराणं तिसरंच. ही सगळी बाजूला ठेव.

तू एसएलसी२५ हे वाहक प्रथिनांचं एकच कुटुंब घे, मायटोकॉन्ड्रियाचा एडीपी/एटीपी वाहक यातलाच. माणसात त्याचे ५३ सदस्य आहेत आणि अभ्यासाला तेवढे पुष्कळ झाले. गायीच्या एडीपी/एटीपी वाहकाचा अनुक्रम १९८२ साली हाती आला, तेव्हा दिसलं की सुमारे ३०० अमिनो आम्लांची ही साखळी म्हणजे शंभर-शंभरचे तीन सारखे तुकडे आहेत. एका लहान जनुकाच्या प्रती जोडल्या जाऊन हे प्रथिन घडलं. मला या सगळ्या विषयात याहून सुंदर गोष्ट दिसलेली नाही. प्रत्येक तुकड्यात पटल ओलांडणारी दोन सर्पिलं (साखळीचे पिळदार भाग), आणि पहिल्या सर्पिलाच्या शेवटाकडे एक खूण: प्रोलिन, मग कोणतंही एक, मग आम्लधर्मी, मग कोणतीही दोन, मग लायसिन किंवा आर्जिनिन. ही खूण तिन्ही तुकड्यांत स्वतःच्या डोळ्यांनी शोध. तुकड्यातुकड्यांतले हे ऋण आणि धन भार एकमेकांना धरतात आणि आतल्या बाजूचं दार बंद होतं.

ते बंद दार २००३ साली २.२ अँगस्ट्रॉमपर्यंत, म्हणजे जवळजवळ अणूच्या मापापर्यंत, स्पष्ट दिसलं. वाहकाला त्या स्थितीत अडकवलं होतं कार्बोक्सिअ‍ॅट्रॅक्टिलोसाइडनं. हे विष आपल्याकडे बांधावर उगवणाऱ्या शंकेश्वरातही असतं (काही जण त्याला गोखरू म्हणतात). त्याची कोवळी रोपं खाऊन गुरं दगावतात, ती हाच वाहक अडल्यामुळे. आतल्या बाजूला उघडलेलं दार बघायला मात्र २०१९ उजाडलं. त्या वेळी बाँगक्रेकिक आम्ल हे दुसरं विष वापरलं होतं. दोन्ही रचना प्रोटीन डेटा बँकेत (प्रथिनांच्या रचनांच्या खुल्या संग्रहात) फुकट आहेत. अमळनेरात बसून, कॉलेजच्या संगणकावर, त्या तू फिरवून बघू शकतोस. प्रयोगशाळा नाही म्हणून अडून राहू नकोस.

आता नात्याचा खरा प्रश्न. वेगवेगळ्या वाहकांचे तिन्ही तुकडे सुटे करून एकत्र मांड. एका वाहकाचा पहिला तुकडा स्वतःच्या दुसऱ्या तुकड्यापेक्षा दुसऱ्या वाहकाच्या पहिल्या तुकड्याशी जास्त जुळतो का, ते तपास. जुळला, तर तिप्पट होणं आधी घडलं आणि कुटुंब नंतर फुटलं. हे कुटुंब जिवाणूंचं मूळ धन नाही, केंद्रकवाल्या पेशींनी ते घडवलं. म्हणजे पाहुणा म्हणून आलेल्या आणि पुढे मायटोकॉन्ड्रिया झालेल्या जिवाणूला पेशीशी देवाणघेवाण करायला लावणारं दार पेशीनंच बसवलं. यावर मन लावून विचार कर, घाईनं वाक्य लिहून मोकळा होऊ नकोस.

यीस्टचे ३५ वाहक आधी घे, माणसाचे नंतर. पहिल्या दहांची जुळणी हातानं तपासून, रंग न भरता, मला पाठव. प्रोलिन कुठे गायब आहे तिथे पेन्सिलीनं खूण कर, आपण तिथूनच बोलायला सुरुवात करू.

तुझे सर