'होता' आला की 'हॅड' येतो: कीट्सच्या आयुष्यावर व्याकरणाचा सराव

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाची दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, आता अकरावीत आहे. रिकाम्या जागा भरताना वीसपैकी अठरा मिळवते, पण 'इंग्रज कवी जॉन कीट्सवर दहा ओळी लिही' म्हटलं की प्रत्येक वाक्यात 'हॅड' घालते. मग आधी व्याकरण पक्कं करायचं की कवीची माहिती?

दोन्ही एकदम करा. मी पंचवीस वर्षं संध्याकाळचे इंग्रजीचे वर्ग घेतोय आणि हा 'हॅड' मला दर जूनमध्ये नव्याने भेटतो. तिचे नियम कच्चे नाहीत, ती मराठीतून विचार करते एवढंच. आपण सहज म्हणतो, 'काल मी पुण्याला गेलो होतो'. तेच इंग्रजीत 'यस्टर्डे आय हॅड गॉन टू पुणे' होऊन बाहेर पडतं. मराठीतल्या 'होतो'ला मागेपुढे दुसरी घटना लागत नाही. इंग्रजीतल्या 'हॅड'ला लागते. भूतकाळातली एक गोष्ट चालू असताना तिच्याही मागची गोष्ट सांगायची असेल, तरच तो येतो. रिकाम्या जागांच्या प्रश्नात शेजारी 'बिफोर' किंवा 'ऑलरेडी' बसलेला असतो, तो चुगली करतो. दहा ओळी लिहिताना चुगली करायला कुणी नसतं.

म्हणून वहीत डाव्या बाजूला सालं लिहायला लावा. १७९५, लंडनमध्ये जन्म. १८०४, वडील घोड्यावरून पडून गेले. १८१०, आई क्षयाने गेली. १८१५, लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये वैद्यकाचं शिक्षण सुरू. १८१६, औषधं देण्याचा परवाना. डिसेंबर १८१८, धाकटा भाऊ टॉम क्षयानेच गेला. फेब्रुवारी १८२१, रोममध्ये स्वतः कीट्स, वय पंचवीस. या क्रमाने गोष्ट सांगितली तर एकही 'हॅड' लागत नाही. सगळा साधा भूतकाळ. (जाता जाता: 'कीट्स बॉर्न इन' लिहीत असेल तर मधला 'वॉज' घालून घ्या, आणि क्षयाने मेला याला 'डाइड ऑफ', 'बाय' नाही.)

आता खरा सराव. दुसऱ्या दिवशी गोष्ट मधूनच सुरू करायला सांगा: ३ फेब्रुवारी १८२०ची रात्र. कडाक्याच्या थंडीत घोडागाडीच्या बाहेरच्या जागेवर बसून कीट्स लंडनजवळ हॅम्पस्टेडला घरी परतला. अंथरुणात शिरताना खोकला आला आणि रक्ताचा थेंब पडला. मित्र ब्राउनला त्याने मेणबत्ती जवळ आणायला सांगितली, थेंब पाहिला आणि म्हणाला, हा रंग मी ओळखतो, हे माझ्या मरणाचं फर्मान आहे. का ओळखला? इथे भाचीला थांबवा आणि कारणं लिहायला लावा. तो वैद्यक शिकला होता: 'ही हॅड स्टडीड मेडिसिन'. त्याने टॉमची शुश्रूषा केली होती: 'ही हॅड नर्स्ड टॉम'. टॉम चौदा महिन्यांपूर्वी गेला होता: 'टॉम हॅड डाइड'. तीन 'हॅड', तिन्ही हक्काचे, कारण तिन्ही त्या रात्रीच्या मागे उभे आहेत. बाकी खोकला, मेणबत्ती, बोलणं यांना 'हॅड' नको. ही एक रात्र नीट लिहिली की पाठ्यपुस्तकातल्या चार पानांचा सराव वाचतो.

आणखी एक चूक 'असता'ची. 'कीट्स जगला असता, तर त्याने आणखी लिहिलं असतं.' मराठीत दोन्हीकडे 'असता', म्हणून पोरं दोन्हीकडे 'वुड हॅव' लावतात. पोरंच कशाला, सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः फळ्यावर 'इफ कीट्स वुड हॅव लिव्ड' लिहिलं होतं. मागच्या बाकावरच्या एका मुलाने 'सर, पुस्तकात इफनंतर हॅड आहे' म्हणून सांगितलं. तास संपेपर्यंत मी फळ्याकडे पाठ फिरवली नाही.

शेवटी कबर. रोममध्ये त्याच्या दगडावर त्याचं नावच नाही, 'एक तरुण इंग्रज कवी' एवढंच आहे. तारीखही २४ फेब्रुवारी कोरली आहे. तो गेला २३ला रात्री, तेव्हा उत्तरात २३च लिहायचं. त्याने स्वतः सांगितलेली ओळ मात्र आहे: 'हिअर लाइज वन हूज नेम वॉज रिट इन वॉटर'. ही भाचीपुढे ठेवा. कर्ता कुठे आहे विचारा, 'वन' सापडायला वेळ लागेल, कारण तो क्रियापदाच्या मागे गेलाय. 'रिट' हे 'रिटन'चं जुनं रूप, परीक्षेत वापरायचं नाही. मग पुस्तक मिटवून मराठी द्या: 'ज्याचं नाव पाण्यावर लिहिलं होतं, तो इथे निजला आहे'. आणि परत इंग्रजी करायला सांगा. 'पाण्यावर' आहे म्हणून ती 'ऑन' लिहील. आणि 'लिहिलं होतं' पाहून तिचा हात 'हॅड'कडे जातो की 'वॉज'कडे, तेवढं बघा.