ब्रोच उलटा करून पाहा

इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात घेतलेला हा क्रूसाकृती अँग्लो-सॅक्सन (इंग्लंडमधल्या सुरुवातीच्या मध्ययुगातला) ब्रोच खरा आहे का, आणि चिंच-मीठ लावून उजळवू का, असं तुम्ही फोटो टाकून विचारलंय. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई आहे. चिंच, लिंबू, पितांबरी, काही म्हणजे काही लावू नका. देवघरातला तांब्या घासला की लखलखतो, पण दीड हजार वर्षं मातीत राहिलेल्या ब्रोचची नक्षी त्यावर चढलेल्या हिरव्या थरातच उरलेली असते. थर गेला की नक्षीही गेली. फिकट हिरवी भुकटी सुटायला लागली तर मात्र धातू आतून खाल्ला जातोय असं समजा. सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा आणि संवर्धकाला (जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाला) दाखवा.

आता खरेपणाचं. वरच्या टोकाचे तीन गोळे आणि खाली घोड्याचं तोंड सगळेच बघतात. नक्कल करणाराही सगळी मेहनत तिथेच घेतो. मी आधी मागची बाजू बघतो. ५व्या-६व्या शतकात इंग्लंडच्या पूर्व भागात बायका असे ब्रोच लावत. ब्रोच तांब्याच्या मिश्रधातूचा ओतीव, पण टाचणी बहुतेकदा लोखंडी, त्यामुळे ती गंजून गेलेली असते. तुमच्याकडची टाचणी नाही म्हणून हिरमुसू नका. दुसऱ्या फोटोत टाचणी अडकवायच्या खालच्या आकड्यापाशी तपकिरी गंजाचा गोळा दिसतोय, तो भिंगाखाली धरा. त्यात उभ्या-आडव्या धाग्यांची वीण दिसली तर ती त्या बाईच्या अंगावरच्या कापडाची असू शकते. मला अजूनही असं काही दिसलं की हात थरथरतो. तिथे मऊ ब्रशसुद्धा फिरवायचा नाही.

फोटोवरून मला तो खरा वाटतो, पण खात्री हातात घेतल्याशिवाय देता येणार नाही.

त्याहून मोठा प्रश्न म्हणजे तो सापडला कुठे? केंटमधल्या किंग्स्टन डाउनला १७७१ साली ब्रायन फॉसेट या पाद्र्याला एका स्त्रीच्या कबरीत सोन्याचा, तामडे (गार्नेट) जडवलेला ब्रोच मिळाला. तो आज लिव्हरपूलच्या संग्रहालयात आहे. फॉसेटने कोणत्या कबरीत काय मिळालं ते वहीत टिपून ठेवलं, म्हणून आपल्याला त्या बाईबद्दल काही म्हणता येतं. मी सुरुवातीला एका विक्रेत्याकडून बशीच्या आकाराचा ब्रोच घेतला होता. ‘जुन्या संग्रहातला’ एवढंच तो म्हणाला आणि मी पुढे विचारलं नाही. वस्तू सुंदर आहे, पण गाव नाही, शेत नाही. आज ती हातात घेतली की वाईट वाटतं.

म्हणून विक्रेत्याला आजच लिहा: कुठल्या शेतात, कोणाला सापडला, पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचा (लोकांना सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेचा) नोंद क्रमांक आहे का? नसेल तर तुमच्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) फाइंड्स लिएझन ऑफिसरला, म्हणजे त्या योजनेच्या स्थानिक अधिकाऱ्याला, भेटा आणि विक्रेत्याने दिलेली माहिती सोबत न्या. दिवाळीला पुण्याला नेऊन आईला दाखवायचा म्हणताय, तर ब्रिटनच्या मातीत सापडलेली अशी वस्तू बाहेर न्यायला निर्यात परवाना लागतो, किंमत कितीही कमी असली तरी. तो आर्ट्स कौन्सिल इंग्लंडकडून मिळतो, पण वेळ लागतो, म्हणून अर्ज आत्ताच करा. आणि मागच्या बाजूचा आणखी एक फोटो टाका, खिडकीपाशी, तिरप्या उजेडात.