पेट्रेल या भूगर्भीय मॉडेलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये विहिरीच्या लॉगवरून (खोलीनुसार घेतलेल्या मोजमापांवरून) साठाखडक (तेल किंवा वायू साठवणारा खडक) आणि बिगर-साठाखडक कसे वेगळे करावेत?

गॅमा रे (खडकाचा नैसर्गिक किरणोत्सर्ग), घनता आणि न्यूट्रॉन हे लॉग उपलब्ध असतील, तर पेट्रेलच्या कॅल्क्युलेटरमध्ये अटीचे एक सूत्र लिहून हे काम होते. आधी गॅमा रेवरून शेलचे (चिकणमातीच्या खडकाचे) प्रमाण काढावे: स्वच्छ खडकाचे वाचन 20 आणि शेलचे 120 एपीआय (गॅमा रेचे एकक) धरले, तर 60 एपीआयला सरळ रेषेच्या सूत्राने ते 0.4 येते. मग शेलचे प्रमाण ठरवलेल्या मर्यादेपेक्षा कमी आणि घनता व न्यूट्रॉनवरून काढलेली परिणामकारक सच्छिद्रता (एकमेकांशी जोडलेल्या छिद्रांचे प्रमाण) तिच्या मर्यादेपेक्षा जास्त असेल तिथे 1, अन्यथा 0, असा फेसीज (खडकाचे वर्ग दाखवणाऱ्या) प्रकारचा नवा लॉग तयार करावा; मात्र जिथे मोजमापच नाही, तिथे 0 न पडता नोंद रिकामी राहील याची खात्री करून घ्यावी.

केवळ गॅमा रेवर विसंबू नये, हे आवर्जून सांगावेसे वाटते. 1974 मध्ये तेल सापडलेल्या मुंबई हायसारख्या चुनखडीच्या क्षेत्रात घट्ट, तेल न देणाऱ्या चुनखडीचेही गॅमा रे कमीच असते, त्यामुळे तिथे निवाडा सच्छिद्रतेवर करावा लागतो. या मर्यादा दुसऱ्या क्षेत्रातून उसन्या घेण्याऐवजी, कोअरच्या (विहिरीतून काढलेल्या खडकाच्या) नमुन्यांवर मोजलेल्या सच्छिद्रता आणि पारगम्यता (द्रव वाहू देण्याची क्षमता) यांचा आलेख काढून, पारगम्यता जिथे नगण्य होते तिथे ठरवाव्यात. अपस्केलिंगसाठी, म्हणजे लॉगची मूल्ये मॉडेलच्या मोठ्या चौकटींना देताना, ‘मोस्ट ऑफ’ (सर्वांत जास्त वेळा येणारे मूल्य घेणारी) पद्धत निवडावी.