पट्टायाला आपापलं जायचंय

प्रश्न : सांगलीच्या आमच्या भिशीतल्या दहा जणी पट्टायाला निघालोय. टूर कंपनीशिवाय, कमी खर्चात जमेल का?

उत्तर : नक्की जमेल, ताई. मी आठ जणींना घेऊन गेले होते. बँकॉकच्या एक्कमाई स्थानकावरून बस घ्या, साधारण अडीच तास लागतात. मुक्काम पट्टायाच्या दक्षिणेला जोमटिएन किनाऱ्यावर करा. वॉकिंग स्ट्रीट या बार-क्लबच्या रस्त्याजवळ रात्रभर झोप नाही.

गावात फिरायला सोंगथेव, म्हणजे मागे दोन बाकं असलेली निळी गाडी. बीच रोडने दक्षिणेकडे जाते, सेकंड रोडने परत येते. धावत्या गाडीला हात करा, भाव न विचारता बसा, घंटी दाबून उतरा आणि मग पैसे द्या. उभ्या रिकाम्या गाडीवाल्याशी बोलणी केलीत की ती खास भाड्याची होते. पहिल्याच संध्याकाळी आमचे असे बरेच पैसे गेले, अजून हळहळ वाटते.

मुख्य किनाऱ्याला इमारतींनी पार वेढलंय. पाण्यात उतरायचं तर कोह लान बेटावरच. बाली हाय धक्क्यावरून सार्वजनिक बोटीने पाऊण तास. स्पीडबोटवाले आडवे येतील, थांबू नका.

शाकाहारी असाल तर ‘जे’ हा थाई शब्द पाठ करा, म्हणजे मांस-मासे नसलेलं जेवण. नाहीतर साध्या भाजीतही माशाचा सॉस असतो.